किल्ली

नाशिक, जिल्हा न्यायालय. पंखा बंद.
सोमा टोपले, राहणार गंगावऱ्हे, शपथेवर सांगतो:

होय साहेब, लाँचवर जाकिटं होती.
बावीस. नारिंगी. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.
तपासणीला कुणी आलं की मांडायची,
मग परत पेटीत.
कठडा? तो दिवाळीपासून सुतळीनं बांधलेला.
मी बोललो होतो. शेठ म्हणाले,
धरण आहे रे, समुद्र नाही.

लेखी कळवलंत का, वकील विचारतात.
मी अंगठेबहाद्दर, साहेब.
पाण्याला तरी कुठं वाचता येतं?

हिरामण पडला तेव्हा
मी वल्ह्यानं पेटी फोडत होतो.
कुलूप मात्र चांगल्या कंपनीचं होतं.

आणि किल्ली?

मी गप्प राहिलो.
समोरच्या बाकावर शेठचा हात
आपसूक खिशाकडे गेला.