बुधवार, साडेनऊ

बुधवारी मी कुणाचंच दळण उद्यावर ठेवत नाही.
सव्वानऊला पट्टा उतरवते,
डब्यांवर चिठ्ठ्या लावते, बोर्डीकर, पठाण, शाळेतला शिपाई,
आणि पदरानं रेडिओवरचं पीठ पुसते.
काट्यावर पीठ बसलं
की परभणी केसभर उजवीकडं सरकते.

साडेनऊ.
आधी नोएल निर्मळ खाकरतो.
दहा वर्षांत न खाकरता एकदाही बोललेला नाही.
"जुना रॉक घेऊन आलोय. झोपणाऱ्यांनी झोपा,
जागे असाल तर आवाज वाढवा."
मी वाढवते.

इंग्रजी मला येत नाही.
एबीसीडीत डब्ल्यूपर्यंत पोचले आणि लग्न झालं.
गाण्यांना नावं मीच ठेवलीत:
रिकामं टिपाड. म्हातारं कुत्रं आणि चंद्र.
आणि ते एक लांबलचक,
ज्यात गाणारा मधेच गप्प होतो
आणि नुसती तार ओरडते,
त्याला मी 'पट्टा घसरला' म्हणते.
अगदी तस्सं. ओल्या गव्हावर मोटर अडते,
पट्टा पुलीवर जळतो, किंचाळतो,
हात आपोआप खटक्याकडं जातो.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरंच उठून खटका पाडला होता.
बंद गिरणीचा.

नणंद म्हणते, दिवसभर हीच खडखड,
आन् रातच्याला पुन्हा पैसे घालून कामून ऐकती?
तिला सांगता येत नाही.
दिवसा आवाज अंगावर बसतो, पिठासारखा.
बुधवारी तोच आवाज
कुणीतरी चाळून देतं.

पोळ्याच्या आधल्या बुधवारी नोएल म्हणाला,
हे जे वाजवतंय ना, ते कारखान्यातलं पोरगं.
पत्र्याच्या मशीननं दोन बोटांची शेंडं नेली.
त्यानं प्लास्टिकच्या टोप्या करून बसवल्या,
पुढं तारा ढिल्या केल्या,
म्हणून हा आवाज इतका खाली, इतका जड.

मी डाव्या हाताकडं बघितलं.
करंगळीशेजारचं, अर्धं.
पट्ट्यानं नेलं त्याला नऊ वर्षं झाली.
तिसऱ्या दिवशी गिरणी चालू केली होती,
लोकांच्या घरी पीठ नव्हतं.

पोस्टकार्ड लिहिलं.
"नोएलभाऊ, मलाही अर्धं बोट नाही.
माझ्या गिरणीचा आवाजपण खालचाच आहे.
कळवावे. प्रयाग खरात, सेलू."
काय कळवावे, ते मलाही ठाऊक नव्हतं.

तीन बुधवार काही नाही.
चौथ्याला सेल उतरलेले.
किराणावाला लग्नाला गेलेला, दुकान बंद,
सेलूत त्या दिवशी सेल मिळेना.
दुपारभर उन्हात ठेवले,
उन्हानं ते जरा जीव धरतात.
खाकरला. मग म्हणाला,
"सेलूहून प्रयागताईंचं कार्ड आलंय, त्या लिहितात..."
आणि आवाज बारीक होत गेला,
गिरणीच्या तोंडात शेवटचे दाणे पडतात तसा,
एक,
एक,
आणि नाही.

रेडिओ कानाला लावून बसले.
खोल आत काहीतरी वाजत होतं, मुंगीएवढं.
कदाचित माझ्यासाठी तेच लावलं असेल.
कदाचित दुसरंच.
सकाळी दळणाला आलेल्या एकेकाला विचारलं.
पठाणांचा मुलगा म्हणाला,
काकू, रेडिओ कोण ऐकतंय आता?

पुढच्या बुधवारी नवे सेल. दोन लागतात, चार घेतले.
खाकरला.
कार्डाचं काही बोलला नाही.
एकदा वाचलं, पुन्हा कशाला वाचेल?
गाणं लागलं, नवीनच,
त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही.
अर्धं बोट डब्याच्या झाकणावर
आपोआप पडायला लागलं, जरा उशिरा, मग बरोबर,
आणि झाकणावरचं पीठ उडत राहिलं,
बोर्डीकरांचं.