इतिवृत्तात न आलेलं

चौथ्या मजल्यावर भाडे-टप्प्यांची सुनावणी,
आणि मी इतिवृत्त लिहायला.
माझं काम एवढंच: कोण बोललं, कशाबद्दल बोललं,
आणि खाली, नोंद घेतली.

अर्जदार आठ, सगळे आटगावच्या पुढचे.
पहाटे पावणेपाचला घर सोडलेले,
अकराची वेळ देऊन
साडेबारापर्यंत बाकावर बसवलेले.

आधी मोकाशी मास्तर.
फाईलला बुटाची नाडी बांधलेली.
म्हणाले, तुमच्या टप्प्याची रेघ जिथं संपते
तिथून आमचं स्टेशन सव्वा किलोमीटर पलीकडे.
सव्वा किलोमीटर म्हणजे माझ्या शाळेपासून विहीर, साहेब.
तेवढ्यापायी अख्खं गाव पुढच्या रकान्यात.
मी लिहिलं: अंतराबाबत हरकत.

मग सुगंधा विशे उठल्या.
माटुंग्याला एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंचं करतात,
चोवीस तासांची पाळी, एक दिवसाआड.
"सोमवारी मी नुस्ती जाते.
मंगळवारी नुस्ती येते.
पास मात्र रोज जाऊन रोज येणारीचा.
अर्धा पास माझ्या पिशवीत झोपून असतो, साहेब.
त्या अर्ध्याचं काय ते बघा."

साहेब वाईट नाहीत.
टेबलावर लेकीनं केलेला कागदाचा मोर ठेवतात.
म्हणाले, पास हीच मुळात सवलत आहे,
आणि भाडं अंतरावर. अंतर काही आम्ही ठरवलं नाही.

"मग कोणी ठरवलं?"
बाईंनी खरंच विचारलं, त्यात टोमणा नव्हता.
"लग्न होऊन मी सायनला आले.
ती खोली परवडेना, तर कळवा.
कळव्याची परवडेना, तर वासिंद.
मागं सरकत सरकत
शेवटी माहेरीच टेकले की पाठ."

इथं त्यांना ठसका लागला.
खंडागळे शिपायानं कूलरचा पेला भरून दिला.
अर्धा प्यायल्या, थांबल्या,
उरलेल्या अर्ध्यात वाकून बघितलं.

"हे आमच्याकडचंच.
माझ्या आईचं वावर ह्याच्या बुडाशी आहे.
चैत्र लागला की आमच्या पाड्यावर टँकर,
आणि हे रोज इथं, बिननागा,
मी येते तेवढ्याच लांबून.
ह्याला कुठला टप्पा लावता?"

कोणी हसलं नाही.
मी पेन टेकवलं होतं.
माझ्या खिशात खात्याचा फुकट पास,
आणि क्वार्टर भायखळ्याला.
तीन स्टेशनं. कधी कधी तर चालतच जातो,
पोट कमी करायला.

साहेबांनी चष्मा पुसला.
म्हणाले, पाणी आपल्या खात्यात येत नाही,
विषयाला धरून बोला.

दुपारी मी कच्चा मसुदा टाईप करून आत दिला,
बाईंचं सगळं बोलणं, पेल्यासकट.
संध्याकाळी तो लाल होऊन परत आला.
उरलं ते इतकं:

अर्जदार क्रमांक पाच यांनी पासच्या वापराबाबत म्हणणे मांडले.
अर्जदारांस पिण्याचे पाणी देण्यात आले.
नोंद घेतली.

एक गोष्ट मात्र खोडायची राहिली,
कारण ती मी लिहिलीच नव्हती.
जाताना बाई कूलरपाशी थांबल्या,
पिशवीतली बाटली काढून काठोकाठ भरली,
झाकण फिरवता फिरवता खंडागळेला म्हणाल्या,
"येताना फुकट आलंय.
जाताना नेते माझ्याबरोबर,
पासाच्या त्या झोपलेल्या अर्ध्यावर."

तोवर मास्तरांनी फाईलला पुन्हा नाडी बांधली.
पुढची कसारा गाडी पावणेदोनला होती.