हेल्यूला काय न्यावं

दार लाव आधी, तावी, वारा आत येतोय,
लोकरीच्या लडी ओल धरतात.
हां, आता बोल.
सासूला पंचाहत्तरावं लागतंय रविवारी,
आणि तुझी फेरीबोट सुटायला चाळीस मिनिटं आहेत.
पुरे आहेत.
धक्क्यापर्यंत तू सहा मिनिटांत पोचतोस,
तुझं गाडी हाकणं सगळं मुहू बेट जाणतं.

ती कात्री? करकोच्याच्या चोचीची, सोनेरी मुलाम्याची?
ठेव खाली.
दिसते गोड, पण मुठीत बोटं मावत नाहीत,
हेल्यूची तर नाहीतच,
पन्नास वर्षं बटाटे उकरलेली बोटं ती.

अंगुस्तानं तिच्याकडे सात आहेत.
चिनी मातीचं एक, त्यात ती शेपूचं बी ठेवते.
वापरते ते पितळेचं,
त्याला वर भोक पडलंय, मधूनच सुई चावते,
तरी बदलत नाही. का, ते विचारू नकोस.
मी एकदा विचारून बसलेय.

रिंग नको. काळी लोकर ती मांडीवरच धरते,
रिंगेला म्हणते, फुलांची बेडी.
आणि तो छापील नक्षीचा डबा, त्याला हातही लावू नकोस.
दोरे मोजून दिलेले, रंगांना आकडे,
पाकळीनं कुठं वळायचं तेही कारखान्यात ठरलेलं.
हेल्यूची पॉपी सुरू होते एकीकडे,
आणि शेजारच्या डेझीशी भांडून
भलतीकडेच उमलते.

ही बघ, ज्युनिपरच्या लाकडाची सुईदाणी.
वास घे.
हिच्यात सुया गंजत नाहीत म्हणतो ओलेव,
तोच कोरतो, तोच विकतो, तो म्हणणारच.
ही चालेल.
पण थांब.

तुला सांगायला नको खरं तर.
दुकानदारानं गिऱ्हाइकाचं गुपित काउंटरच्या आतच ठेवावं.
पण गेल्या हिवाळ्यात ती बाविसाची सुई न्यायची,
वसंतात वीस,
आता अठरा मागते, मोठ्या नेढ्याची.
'लोकर जाड आलीय हल्ली,' म्हणते.
लोकर तीच आहे, तावी.
ऑगस्टमध्ये गुलाबी लड परत घेऊन आली,
'हा आपला गुलाबी नव्हे, नारिंगी घातलायस.'
मी आत गेले, फडताळापाशी उगाच उभी राहिले,
आणि तीच लड नव्या कागदात बांधून दिली.
'हं, हा खरा,' म्हणाली.
त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढू नकोस, निदान वाढदिवसाला तरी.
तुझ्या बायकोनं काढलं होतं,
तीन आठवडे फोन उचलला नाही हेल्यूनं.

तू असं कर.
सुया घे, बावीस नंबरच्या, दोन पाकिटं.
तिच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळेपर्यंत बस,
आणि एकेकीत दोरा ओवून ठेव.
हिरव्या आठ, पिवळ्या सहा, गुलाबी जितक्या होतील तितक्या.
बोटीचे दोर बांधणारे हात तुझे, थुंकी लावावी लागेल,
पहिल्या चार सुयांना शिव्याही घालशील.
घाल. पण 'मदत' हा शब्द तोंडातून काढू नकोस.
म्हण, सवय करतोय, जाळी विणायची आहे.
तिला पटणार नाही.
तरी ती पुढच्या रविवारी उशी पुढे सरकवेल, बघ.

कात्री पण हवीच? ऐकत नाहीस.
बरं, ही घे, काळी, साध्या लोखंडाची,
धार बघ, केस उभा चिरते.
पण धारेची वस्तू फुकट घेतली की नातं कापतं,
त्यामुळे ती तुझ्या तळहातावर एक सेंट ठेवेल.
हसू नकोस. परत करू नकोस.
खिशात घाल आणि कॉफी पी.

एकवीस युरो झाले. दोऱ्याचे धरले नाहीत.
पळ आता, भोंगा झाला.
आणि दार ओढून घे.