एक्स्पायर

मेडिकल चौकात, गेटासमोर
माझं दुकान रात्रभर उघडं असतं.
महिनाअखेरीला रॅकमधून काढतो
तारीख उलटलेल्या पट्ट्या,
ट्यूबलाइटखाली तिरप्या धरून वाचतो
चंदेरी कागदावर दाबलेले आकडे.
खोक्यावर मार्करनं लिहितो : एक्स्पायर.
सोमवारी गांधीबागेतून पोऱ्या येतो, घेऊन जातो.
एवढाच त्या शब्दाशी माझा व्यवहार.

डी.फार्मला ठवकर सरांनी
वेगळा अर्थ सांगितला होता :
एक्स्पायर म्हणजे श्वास बाहेर सोडणे.
मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, म्हणाले,
तुम्ही सगळे एक्स्पायर होऊन राहिले.
वर्ग हसला. प्रश्न दोन मार्कांचा होता.

मेच्या एका रात्री, अडीचला,
कूलरच्या टपातलं पाणी तळाला गेलेलं,
भिवापूरकडची एक बाई आली.
पदरात सहा इंजेक्शनं, माझंच बिल.
"हे बदलवून द्या न जी,
डाक्टर म्हन्ते एक्स्पायर झाले."

मी बाटली फिरवून पाहिली.
तारखेला पावणेदोन वर्षं बाकी.
"नाही हो मावशी, चांगले आहेत,"
म्हणालो, आणि म्हणता म्हणता
थांबलो.

कोण झाले?
आमच्याकडे 'झाले' अनेकांना चालतं
आणि आदरानं एकट्यालाही.
त्या पोरगेल्या डॉक्टरनं आदरच दाखवला असेल.
छत्तीस तासांच्या ड्यूटीत
मराठी शब्द जड वाटला असेल,
हलका पाहून उचलला.

ती काउंटरवर कोपर टेकून उभी.
"नवे द्या. लवकर.
वार्डात ते एकटेच हायेत."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
गिऱ्हाइकासाठी फळी उचलून बाहेर आलो.
स्टूल दिलं. ती बसली नाही.
गेले, वारले, देवाघरी, राहिले नाहीत,
सगळे शब्द होते माझ्याकडे,
हात पोचेल अशा कप्प्यात एकही नव्हता.
म्हणालो, "चला, मी येतो वार्डात."
शटर अर्धं ओढलं.
रस्ता ओलांडताना ती पुढे, भरभर,
हातात ती सहा इंजेक्शनं
आणि मला ऐकू येत होता
तिचा श्वास, बाहेर पडताना.

सकाळी रिटर्नची एंट्री केली.
कॉम्प्युटर कारण विचारतो :
डॅमेज, एक्स्पायर्ड, इतर.
कर्सर बराच वेळ दुसऱ्यावर लुकलुकत होता.
मग इतर.
पैसे पूर्ण वापस.