बुधवार

माझं नाव विंको.
आमच्याकडे नावापासूनच थट्टा सुरू होते.
पोराला वाइनमध्ये बुडवूनच बाहेर काढलंय, आजोबा म्हणायचे.
ऑर्मोझच्या टेकड्यांवर प्रत्येक घराखाली तळघर,
तळघरात पिंपं,
आणि पाहुण्यानं पेला नाकारला
की यजमान विचारतो, आजारी आहेस का?

हो म्हणायला मला एकोणीस वर्षं लागली.

पत्ता डॉक्टरीणबाईंनी दिला, औषधाच्या चिठ्ठीमागे:
वाचनालय, गुरुवार, सहा वाजता.
चिठ्ठी कोटात ठेवली. मग कोट बदलला.
जुना कोट पुन्हा अंगावर आला तेव्हा मार्च लागला होता
आणि झ्लाता मारिबोरला, बहिणीकडे.

माझा ट्रॅक्टर गावात सगळे ओळखतात.
तो द्रावेच्या पुलापाशीच सोडला,
कॉलर वर करून चालत आलो.

तळमजल्यावर एका दाराखाली उजेड होता.
आत नऊ-दहा माणसं, गोलात खुर्च्या, चहाचा थर्मास.
असंच असणार, वाटलं होतं.
कुणी नाव विचारलं नाही. तेही बरोबर.

"या हिवाळ्यात किती गेल्या?"
"चार," लोकरी टोपीतली बाई म्हणाली.
"माझ्या सात. चूक माझीच.
ऑगस्टमध्येच उघडून बघायला हवं होतं,
धीर झाला नाही."

गेल्या म्हणजे नोकऱ्या असतील.
किंवा रात्री.

कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला,
"बाहेरून सगळं ठीक दिसायचं.
कान लावला, तर आत काहीच नाही."

मी उभा राहिलो. गुडघे माझे नव्हते.
"मी विंको. माझं सगळंच गेलं.
मुलगी मला बाबा म्हणत नाही, नुसतं 'तो' म्हणते.
तळघराची किल्ली मी विहिरीत टाकली
आणि दुसऱ्या सकाळी कुलूप तोडलं."

कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवत होतं, ते थांबलं.
म्हाताऱ्यानं हळूच विचारलं,
"तुझ्या पेट्या कुठल्या उतारावर होत्या?"

तेव्हा कुठे भिंतीकडे लक्ष गेलं.
मधमाश्यांच्या पेट्यांच्या जुन्या रंगवलेल्या फळ्या,
एकीवर अस्वल, खांद्यावर शिकाऱ्याची शवपेटी.

हसलं कुणीच नाही.
त्यांच्या जागी मी हसलो असतो.

टोपीवाली, ओतिलिया, जिन्यापर्यंत आली माझ्यामागून.
"तुमचं ते वर असतं," म्हणाली. "पण आज बुधवार.
बसा तासभर. पुलापर्यंत दोन गुत्ते लागतात."

बसलो.
माश्या हिवाळ्यात झोपत नाहीत, हे तिथं कळलं.
एकमेकींना बिलगून नुसत्या थरथरतात,
त्या थरथरीचीच ऊब.
कडेच्या आत सरकतात, आतल्या कडेला येतात,
कुणी मोजत नसतं, तरी पाळी चुकत नाही.
माझे हात मांडीखाली दाबलेले होते.
थरथरण्याचा काही उपयोग असतो
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी वर गेलो. वर किटली बिघडलेली.
छप्परं शाकारणारा एर्विन, एक नर्स,
आणि खिडकीपाशी नेझाच्या गणिताच्या बाई.
आम्ही दोघांनी फरशी पाहिली, बराच वेळ.
मग त्या सरकल्या, शेजारची खुर्ची मोकळी केली.
काल खाली बोललो होतो तेच बोललो.
दुसऱ्यांदा सोपं जातं म्हणतात.
नाही गेलं.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी,
रसाची वाइन झाली म्हणून अख्खं गाव चौकात होतं.
आम्ही सहाजण वर, खिडक्या लावून.
टेकडीवरची पाखरं हाकलायची लाकडी खडखडणी
कुणी उतरवायला विसरलं होतं,
ती रात्रभर वाजत राहिली.

बुधवारीही जातो अजून.
पेट्या नाहीत माझ्याकडे.
तरी पाळी आली की म्हातारा विचारतोच,
या हिवाळ्यात किती गेल्या?

एकही नाही, सांगतो.
फेब्रुवारी बाकी आहे.