ओंडके एकेचाळीस

कणकुंबीच्या नाक्यावर अडवलेलं लाकूड
अजून डेपोत पडून. तिसरा पावसाळा.
मलेशियाचं. मुरगावला जहाजातून उतरलं.
कस्टमचा शिक्का आहे, बिल आहे,
फक्त इथल्या रानाचा पास नाही.

वेलजीभाई म्हणतात, जे इथं उगवलंच नाही
त्याला इथलं रान पास कसा देणार?
गार्ड म्हणाला, ओंडका बोलत न्हाई बगा,
उद्या दांडेलीचा सागवानपण म्हणंल, मी बोटीनं आलो.
खोटं नव्हतं त्याचं.

धारवाडला तारीख असली की फाईल मी नेतो.
कानडी नोटीस, इंग्रजी अर्ज,
मधे माझं टिपण, पेन्सिलीनं, मराठीत.
आत हेरवाडकर वकील ‘वनोपज’ या शब्दाशी झटतात,
बाहेर भरमाण्णा ड्रायव्हर विडी विझवून पुन्हा खिशात ठेवतो.
त्याचा ट्रकही डेपोतच.
ट्रक आत, हप्ते बाहेर.

परवा मोजणीला गेलो.
रंगाचे आकडे उडालेत,
सतरा नंबरवर अळंबी उगवलीत,
माणसाच्या कानांसारखी.
गार्डनं बुटानं एक उडवली, मग थांबला.
“ही तर इथलीच की ओ?”

मी लिहिलं: ओंडके एकेचाळीस.
अळंबीची नोंद कुठल्या रकान्यात,
विचारायला हवं.