सोमवारची मोजणी

दाभ्याच्या मागं खजुराची बेचाळीस झाडं,
दर सातव्या झाडाला एक बादली,
बादलीत आंबलेलं गुळाचं पाणी
आणि तारेला लटकवलेली कामगंधाची पुडी.

सोमवारी सकाळी मी बादल्या उपसतो.
सोंड्या भुंगे, गंजल्या खिळ्याच्या रंगाचे,
चिमट्यानं फरशीवर मांडतो.
सोंडेवर बारीक केस असले तर नर.
तारीख, नर, मादी, सही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत
पोरांच्या घोळक्यात मीही ओरडलो,
भुंगे घेऊन जा गे मारबत!
त्या आठवड्यात एकोणीस निघाले,
पुढच्यात चौतीस.
तिला बहुतेक खजूर कळत नाही.
दिवाळीच्या सोमवारी त्रेसष्ट.
मग थंडीत उतरले. एकदा दोनच,
तळहाताची ऊब लागली तसा
त्यातल्या एकानं पाय हलवला.
तो कुठं लिहायचा, ते रजिस्टरात नाही.
होळीला पुन्हा चढले.

बोकडे मॅडमनी भिंतीवर आलेख लावलाय,
उंटाच्या दोन कुबडांसारखी निळी रेघ
आणि पुढं मे-जून सपाट.
"बघा उईके, पारा पंचेचाळीसच्या वर गेला
की किडा तग धरत नाही."
मी मान हलवली.

माझी नेमणूक एकोणनव्वद दिवसांची.
मग ब्रेक, मग परत एकोणनव्वद.
उन्हाळ्यातला ब्रेक लांबतो, निधी जुलैत येतो.
तोवर बादल्यांतलं पाणी आटतं,
गूळ तळाला धरतो,
भुंगे येत असतील, जात असतील.
परतलो की क्लार्क म्हणतो,
रकाना मोकळा ठेवता येत नाही, शून्य टाक.
मी टाकतो. गोल, नीट.
दरसाल आठ शून्यं.

यंदा नवतप्यात, काम नसताना,
सायकल आपसूक तिकडं वळली.
गेटवरचा मनिराम दुपट्टा तोंडावर घेऊन झोपलेला.
अकराव्या झाडाला कान लावला.
खोड तव्यासारखं,
आणि आत, सावकाश,
कोणी ओला ऊस चावावा तसं
चालू होतं.
एक नाही. पुष्कळ.
अळ्यांना पारा ठाऊक नाही, निधी ठाऊक नाही.
मी मोजायला लागलो
आणि थांबलो.
हे दिवस माझे नव्हते.

घरी बायको म्हणाली, कान काहून लाल झाला?
म्हटलं, ऊन लागलं.

जुलैत अकराव्या झाडाचा शेंडा
वारा नसताना खाली आला.
पोकळीत ओला भुसा, रिकामे कोश.
मॅडमनी फोटो काढला, म्हणाल्या, वादळ असेल.
मी ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडलं.
सात शून्यं जमली.
आठव्याला हात सुटला,
खाली बारीक शेपूट फुटलं.

क्लार्कनं चष्मा वर केला.
"उईके, हे शून्य आहे
की एक?"